नाक्यावर अडलेला नारळ

वहिनी, आधीच सांगून ठेवते. तू गेलीस म्हणून मी भांडण सोडलेलं नाही. मेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. का घालू नये? तू होतीस तेव्हा तरी मला कुठे धड बोलू दिलंस? मी मुद्द्यावर आले की "वन्सं, आमटी उतू जातेय" म्हणून उठायचीस. आता आमटी मीच करते. ती उतू जात नाही, नुसती अळणी होते.

आणि तुझी वेळ साधायची कला तर काय सांगावी! कार्तिकात तू डोळे मिटलेस. तुझं दिवसकार्य उरकून दादा कामावर जायला लागला, बेबी शाळेत जायला लागली, आणि डिसेंबरात एका सकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावर पोरं ओरडत सुटली, फौज गोव्यात शिरली. दीड-दोन दिवसांत फिरंगी गेला. सहा वर्षं बंद असलेली तुझ्या माहेरची वाट उघडली. वाडीत पेढे वाटले. समोरच्या काकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि माझं लक्ष देवघराशेजारच्या खिळ्याकडे गेलं. लाल फडक्यात बांधलेला तुझा नारळ तिथे लटकत होता. त्या दिवशी मला तुझा जेवढा राग आला, तेवढा जन्मात कुणाचा आला नसेल. आणखी महिनाभर कळ काढायला काय झालं होतं तुला?

त्या नारळाचं सगळं मला पाठ आहे, कारण मी तिथेच होते. बेबी दोन वर्षांची, विषमज्वरानं आडवी झालेली. डॉक्टर आले की नुसते तिचा हात धरून बसायचे. मी कपाळावरच्या पट्ट्या बदलत होते. तू खालच्या वाण्याकडून नारळ आणलास, फडक्यात बांधलास आणि पोरीच्या उशाशी ठेवलास. माहेरच्या देवीला म्हणालीस, "बाये, पोर उठली की तिला तुझ्या पायांवर घालीन आणि हा नारळ तुझ्या दारात वाढवीन." मी म्हटलं, "नवस बोल हवा तेवढा, औषध तेवढं चुकवू नकोस." पोर उठली. औषधानं की देवीनं, हा आपला पहिला वाद. तू म्हणालीस, "दोघांनी मिळून. तुम्हाला वाटणी कशाला हवी गो?" तुझ्याशी वाद घालायची चटक मला तिथून लागली.

पावसाळा सरला की तुम्ही तिघं जाणार होतात. पण त्याच पावसाळ्यात गोव्याच्या वेशीवर रिकाम्या हातांनी गेलेल्या सत्याग्रहींवर फिरंग्यांनी गोळ्या झाडल्या. आपल्या सरकारनं सगळे व्यवहार तोडले. आगगाडी बंद, बोट बंद, जायचं तर दोन्हीकडचे परवाने, आणि ते मिळणं म्हणजे नशिबाचा भाग. नारळ उशाशी होता तो खिळ्यावर गेला.

त्या दिवसांत वाडीत तुझ्याकडे लोक कसे बघत, ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मी बघत होते. काल-परवापर्यंत तुझ्याकडून सोलकढी शिकून जाणाऱ्या बायका नळावर तू आलीस की गप्प व्हायच्या. एकदा साध्या कपड्यांतला पोलीस आला. घरात गोव्यात जन्मलेलं कोण आहे, तिकडे कोण कोण आहे, पत्रं येतात का. दादाच्या तोंडाला कोरड पडली. तू त्याला चहा दिलास आणि विचारलंस, "माझी आई तिकडे आहे. ती शत्रूत धरायची का?" तो बिचारा बशीत बघत राहिला. तो गेल्यावर मी म्हटलं, "देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे वहिनी, विचारावं लागतं." तू कपबशी विसळत म्हणालीस, "मी कुठे नको म्हटलं? त्यानं विचारलं, मीही विचारलं."

मी तेव्हा शाळेत पोरींना पंचशील शिकवत होते. फळ्यावर जगाचा नकाशा, हातात छडी. आपला देश शस्त्र न उचलता जगाला वाट दाखवणार, गोवाही शांततेनं घेणार. हे मी शिकवत होते आणि मनापासून मानत होते. आणि संध्याकाळी शाळा सुटली की मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्च्यात, त्याच दिल्लीच्या नावानं बोटं मोडत. एकदा घसा बसून घरी आले, तू गरम पाणी दिलंस आणि अगदी साळसूदपणे विचारलंस, "वन्सं, मुंबईच्या बाबतीत दिल्ली खोटी आणि गोव्याच्या बाबतीत खरी, हे कसं गो?" मी म्हटलं, "परराष्ट्र धोरण ही वेगळी गोष्ट आहे." तू म्हणालीस, "असेल बाई. आमची देवी एकच आहे, ती दोन्हीकडे सारखंच बोलते." असा संताप आला मला!

मग मला पकडलं, ते आठवत असेल. अश्रुधुरानं डोळे चुरचुरत होते आणि आम्हा दहा-बारा बायकांना गाडीत कोंबलं. 'पुन्हा मोर्च्यात जाणार नाही' असं लिहून द्या, लगेच सोडतो, म्हणाले. चौघींनी दिलं. मी दिलं नाही. घरी आई तापानं फणफणलेली, तू एकटी तिचं सगळं करतेस, हे मला आत कळलं होतं. तरी दिलं नाही. सुटून आले तेव्हा आईला उतार पडला होता आणि तू दारात मीठ-मोहऱ्या घेऊन उभी. "आधी दृष्ट काढू दे, मग काय ते भाषण करा," म्हणालीस. मी त्या दिवशी कधी नव्हे ते मुकाट उभी राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात तुझा परवाना आला. तिकडे तुझी आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून मिळाला. तुझ्या भावानं त्या बाजूची परवानगी काढली. परवाना तुझा आणि बेबीचा. दादाला रजा नाही, म्हणून वेशीपर्यंत सोडायला मी. भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं वेंगुर्ला, तिथून एसटी, बांद्याच्या पुढे आपला नाका. तिथून थोडं चालायचं, रस्ता वळतो, वळणापलीकडे फिरंग्यांचा नाका. तिथे तुझा भाऊ आईला बैलगाडीत घालून आणणार होता. म्हातारी ऐकायलाच तयार नव्हती, लेक येतेय म्हटल्यावर गाडीत गादी घालून घ्या म्हणाली. बोटीत सगळ्यांना ओकाऱ्या होत होत्या आणि तू नारळ मांडीवर घेऊन खुशाल गात होतीस. इतकी सुंदर मी तुला लग्नातही पाहिली नव्हती.

नाका म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, आंब्याखाली टेबल, बांबूचा अडसर. एक तरुण अधिकारी, घाटावरचा, घामानं निथळत बसलेला. आणि एक हवालदार, तिथलाच मालवणी माणूस. सामान उघडलं. साडी, फराळाचा डबा, बेबीचे फ्रॉक. सगळं ठीक. मग लाल फडकं. साहेबानं विचारलं, "हे काय?"

"नारळ," तू म्हणालीस.

"गोव्याला नारळ? तिकडे नारळ नाहीत का?"

हवालदार खुदकन हसला. मलाही हसू आलं. साहेबाला आलं नाही. त्यानं नारळ उचलला आणि हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

वहिनी, त्या आवाजानं साहेबाचा चेहरा जो उतरला, तो मला आजही दिसतो. आठ-पंधरा दिवसांपूर्वीच पलीकडच्या चौकीजवळ कुणीतरी काहीतरी उडवलं होतं. आपल्या बाजूनं हत्यार जाता कामा नये, गेलं तर जगात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशी वरून सक्त ताकीद. आणि ही बाई, जिथे नारळाला कुणी विचारत नाही तिथे नारळ घेऊन चाललीय, आणि तो वाजतोय. त्यानं नारळ अलगद टेबलावर ठेवला, हात मागे घेतला आणि ओरडला, "सगळे मागे व्हा!" रांगेतली माणसं धावत आंब्यापलीकडे गेली. मी बेबीला उचलून पळाले. शिपायांनी बंदुका सरसावल्या. मग साहेब माझ्याकडे वळला. तुमचं नाव काय, कुठल्या, काय करता. मी कधी खोटं बोलत नाही, हा माझा दुर्गुण तुला माहीतच आहे. "संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पकडलं होतं," मी सांगून टाकलं. झालं! आगीत तेल.

टेबलावर नारळ, भोवती रिकामी जागा, आणि सगळे श्वास रोखून. तू एकटीच पुढे गेलीस. "हात लावू नका!" साहेब ओरडला. तू लावलास. फडकं नीट केलंस, नारळ कानाशी धरून हलवलास आणि म्हणालीस, "साहेब, गोटा झालाय. नारळ फार दिवस ठेवला की आतलं पाणी आटतं, खोबरं सुकून सुटतं आणि असं वाजतं. पोरीच्या नवसाचा आहे. गेल्याच्या गेल्या वर्षीच देवीपुढे जायचा. तुमच्या सरकारनं वाट अडवली, म्हणून वाजतोय."

"गोटोच तो, साहेबांनू," हवालदार म्हणाला.

साहेब थोडा सैल झाला. पण म्हणाला, "असेलही गोटा. नसेलही. मी कानावर विश्वास ठेवून सरहद्द राखू शकत नाही, बाई. फोडून दाखवा आणि जा."

तू नाही म्हणालीस. हवालदारानं मध्ये पडून सांगितलं, डोळ्यातून दाभण घालून बघू, अख्खाच्या अख्खा राहील. तू म्हणालीस, भोक पडलेला नारळ देवीला चालत नाही. तो म्हणाला, मग इथेच गाऱ्हाणं घालून वाढव, देवी काय हद्द बघते? तू म्हणालीस, "देवी नाही बघत. मी बघते. मी 'तुझ्या दारात' म्हटलं होतं." साहेब म्हणाला, इथे ठेवून जा, तिकडे दुसरा घ्या. तू म्हणालीस, "पोरगी तापात होती तेव्हा दुसरा नव्हता तिच्या उशाशी."

आणि मी? मी साहेबाच्या बाजूनं बोलले. "वहिनी, त्यांचं बरोबर आहे. त्यांनी कुणाकुणाचा शब्द मानायचा? तिथे आई गाडीत खोळंबलीय. नारळ मोठा की आई?" मला त्याचा पश्चात्ताप बिश्चात्ताप नाही. आजही तो नाका, तो अधिकारी, तो वाजणारा नारळ डोळ्यांपुढे आणला की मला वाटतं, तो चुकला नव्हता. तूही त्याला कधी नावं ठेवली नाहीस. चुकलं कुणीच नाही, हाच तर सगळा वैताग आहे.

तू वळणाकडे कितीतरी वेळ बघत उभी राहिलीस. तिकडून काही दिसत नव्हतं, धूळ तेवढी. मग तू नारळ फडक्यात बांधलास आणि साहेबाला म्हणालीस, "माझ्या भावाला निरोप पोचवाल? म्हणावं, ती आली होती." आणि मागे फिरलीस. बेबी रडत होती, मी तुझ्या नावानं खडे फोडत होते, आणि तू नारळ पोटाशी धरून बांद्यापर्यंत पुढे चालत राहिलीस.

पुढच्या वर्षी तुझी आई गेल्याचं कळलं. तू खोबरं खवत होतीस. हात थांबला, परत चालू झाला. मला राहवलं नाही. जे बोलू नये ते मी अशाच वेळी बोलते. "तेव्हा गेली असतीस तर भेट झाली असती." तू विळीवरून उठलीस. आयुष्यात एकदाच माझ्यावर आवाज चढवलास. "तुम्ही सही केली नव्हतीत ना? एका कागदाची ती काय गोष्ट! सासूबाई इथे भ्रमात तुमचं नाव घेत होत्या, मी त्यांना खोटंच सांगत होते की आत्ता येतील. मी तुम्हाला विचारलं, सही मोठी की आई? विचारलं का? मला कळलं होतं, वन्सं. तोही नारळच की!"

मी म्हटलं, तो देशाचा प्रश्न होता. तू म्हणालीस, "असू दे." आणि परत खोबरं खवायला बसलीस. आपला वाद तिथे अडकला तो अडकला.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या सकाळी तू अंगणात रांगोळी घातलीस, मला ओवाळलंस. मी तुझ्या गळ्यात पडून रडले. तू माझी पाठ थोपटत म्हणालीस, "वन्सं, तुमचा नारळ पोचला. माझा तेवढा राहिला." त्यात टोमणा नव्हता, हे मला आज जास्त टोचतं.

दर नवरात्रात तू तो उतरवायचीस, फडकं बदलायचीस, कानाशी हलवून म्हणायचीस, "बोलतोय." मी म्हणायची, "अगं, आत कुजून भुगा झाला असेल." "मग वाजला नसता," तू म्हणायचीस. बेबीला नुसती कणकण आली की तुझी नजर आधी खिळ्याकडे जायची, मग तिच्याकडे. मला ते बघवत नसे. इतकी हुशार बाई, आणि एका खिळ्यावर जीव टांगून बसलेली.

परळच्या इस्पितळात शेवटच्या दिवसांत तू फार बोलत नव्हतीस. एका दुपारी विचारलंस, "बोलतो का अजून?" मी घरी गेले, स्टुलावर चढून नारळ काढला, हलवला, परत इस्पितळात आले आणि म्हटलं, "बोलतो." तू डोळे मिटून हसलीस. मग म्हणालीस, "वाट उघडली की तुम्ही न्या. बेबीला घेऊन."

"मी? मी देव मानत नाही, वहिनी. दादाला सांग."

"ते मानतात, म्हणून त्यांना नाही सांगत. मानणारी माणसं तडजोड करतात. देवी समजून घेईल म्हणतात. तुम्हाला देवी नाही, त्यामुळे तुम्हाला सूट कोण देणार? तुम्ही बोललात की करता."

मी 'हो' म्हणाले नाही. उगाच खोटी आशा कशाला, असं मनाशी म्हटलं. उशी सारखी केली आणि तुला पेज भरवली.

आणि तुझा तो नेम बघ कसा लागला! वाट उघडली तेव्हा दादा म्हणाला, "आता तीच नाही, तर कशाला एवढा प्रवास? चौपाटीवर समुद्रात सोडू. देवी समजून घेईल." तुझेच शब्द! मी हसत सुटले, मग हसता हसता मला रडू आवरेना, आणि दादाला वाटलं माझं डोकं फिरलं. शिमग्याच्या आधी मी शाळेतून रजा घेतली आणि बेबीला घेऊन बोटीत बसले.

खरं सांगू? फौज शिरली त्याचा मला आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाजही वाटली. इतकी वर्षं पोरींना शिकवलं, आपण शस्त्र उचलणार नाही. एका पोरीनं वर्गात उभं राहून विचारलं, "बाई, मग आता?" उत्तरेच्या सरहद्दीवरून येणाऱ्या बातम्याही बऱ्या नाहीत. तिथे पंचशीलाचं काय होणार देव जाणे. बघ, मीही म्हणाले, देव जाणे. तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "वन्सं, तुमच्या देवानं कौल बदलला वाटतं?" मला वाईट वाटतं ते याचं, की आता माझं असं नेमकं चुकलेलं दाखवणारं घरात कुणी नाही.

तुझ्या भावाकडे उतरलो. मी त्याला विचारलं. न विचारून कसं चाललं असतं? त्या दिवशी निरोप पोचला का, आणि म्हातारी काय म्हणाली? तो म्हणाला, गाडीतच होती ती, ऊन उतरेपर्यंत परत फिरू दिलं नाही. लेक नारळासाठी मागे गेली हे कळलं तेव्हा कपाळावर हात मारून रडली. "नाल्ल व्हड, काय आवय?" म्हणाली. नारळ मोठा, की आई.

माझेच शब्द, वहिनी. अक्षरन् अक्षर. म्हणजे वाद मी जिंकले. तुझ्या आईनं माझ्या बाजूनं साक्ष दिली. तिथे ओसरीवर बसून मला काय वाटलं सांगू? तू समोर असतीस तर मी हे तुला कधीही सांगितलं नसतं. शपथ. मेले असते, पण सांगितलं नसतं. आता तू ऐकत नाहीस, म्हणून सांगतेय. आणि ऐकत असलीस, तर मला माफ कर.

देवळात बेबीला देवीच्या पायांवर घातलं. नऊ वर्षांची घोडी, लाजली. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, तुझं नाव घेतलं, मुंबईचं नाव घेतलं, आणि नारळ माझ्या हातात दिला. मी, जी इतकी वर्षं 'आत भुगा झाला असेल' म्हणत होते, मी मनातल्या मनात कुणाला तरी विनवत होते की नासका निघू नये. कुणाला, ते विचारू नकोस. मी तो दगडावर आपटला. करवंटीचे तुकडे झाले आणि आतून गोटा अख्खाच्या अख्खा बाहेर पडून फरशीवर घरंगळत गेला. बेबी त्याच्यामागे धावली. खांबापाशी पकडला आणि ओरडली, "आत्या, चांगला आहे!" देवळातली माणसं हसली. खोबऱ्याचा वास असा सुटला होता की मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. मी तुकडा खाल्ला. प्रसाद म्हणून की खोबरं म्हणून, तो वाद आपण पुढे कधीतरी घालू.

परत येताना एसटी त्या नाक्यावरून जायला लागली. मी कंडक्टरला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, इथे स्टॉप नाही. मी मास्तरणीचा आवाज काढला, गाडी थांबली. शेड तशीच होती. बांबूचा अडसर आकाशाकडे तोंड करून उभा. टेबलाशी तोच हवालदार बिडी ओढत बसलेला, केस पिकलेले. माझ्याकडे बघितलं, बेबीकडे बघितलं. मग बिडी विझवून उठला.

"काय गे बाय," म्हणाला, "तो वाजणारो नारळ... पोचलो?"

"पोचला."

"आणि ती? ती नाय इली?"

तोपर्यंत मी कुणालाच ते तोंडानं सांगितलं नव्हतं. वाडीत सगळ्यांना माहीत होतं, शाळेत दादानं कळवलं होतं, तुझ्या भावाला तार गेली होती. मी म्हटलं, "ती गेली." आणि चितेपाशी जे आलं नाही, ते रडं मला तिथे, त्या आंब्याखाली, गाडीतली माणसं बघत असताना आलं. हवालदारानं टोपी काढली.

मी पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं सवयीनं तो आधी टेबलावर ठेवला, उलटसुलट करून बघितला, मग एकदम ओशाळला आणि कपाळाला लावून तोंडात टाकला.

"साहेब बदली होऊन गेलो तेव्हा माका म्हणालो होतो," तो चावत चावत म्हणाला, "त्या बाईच्या नारळात काय होता, ता कधी कळला तर कळव."

"कळवा त्यांना," मी म्हटलं. "खोबरं होतं."